निष्फळ रात्री

ज्या किरणाचा वेध घ्यावयाचा तो जमिनीपर्यंत कधी पोहोचतच नाही, आणि तरीही ज्योतिर्विद त्याची वाट पाहत बसतात, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस मोठी मौज वाटली. एखादा प्रचंड तारा अंतकाळी कोसळताना गॅमा किरणांचा लोळ फेकतो. त्यातील अतिशय जहाल किरण आपल्या वातावरणात शिरतो आणि तेथेच संपतो. पण संपताना विद्युत्कणांचा असा वर्षाव करतो की, हवेत निळसर चमक उमटते. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. अशा वर्षावाचे गणित १९३७ साली आपल्या होमी भाभांनी हाइटलर यांच्यासह मांडले. आकाशातील अशी चमक १९५२ साली इंग्लंडात गॅल्ब्रेथ व जेली यांनी टिपली, ती कचऱ्याच्या डब्यात आरसा बसवून! विज्ञानाचे हे गरिबीचे दिवस आम्हांस त्याच्या वैभवाहून अधिक प्रिय आहेत.

कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा येथे डोंगरमाथ्यावर 'मॅजिक' नावाच्या दोन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा १७ मीटर रुंद. सांगाडा मात्र हलक्या कार्बनतंतूंचा. कारण उपग्रहाने स्फोटाची वर्दी दिली की, तिने क्षणाचाही विलंब न लावता तिकडे मान वळवावयाची असते. पहिली दुर्बीण २००३ साली उभी राहिली. वर्दी येई, दुर्बीण वळे, आणि आकाश कोरेच राही. कधी ढग आड येत. कधी स्फोटच इतका दूरचा असे की, वाटेत ताऱ्यांच्या जुन्या प्रकाशाशी गाठ पडून किरण नाहीसे होत. १४ जानेवारी २०१९ रोजी मात्र सुमारे मिनिटाभरात दुर्बिणी रोखल्या गेल्या, आणि पृथ्वी जेमतेम घडत होती त्या सुमारास निघालेले किरण सापडले. त्यांची ऊर्जा डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या शेकडो अब्ज पट होती.

संशोधनात चार वर्षे घालवूनही हाती काही लागले नाही, म्हणून ते सोडू पाहणारा आमचा एक विद्यार्थी मध्यंतरी घरी आला होता. त्यास आम्ही ही हकीकत सांगितली. त्या कोऱ्या रात्री व्यर्थ गेल्या, असे आम्ही मानीत नाही. 'येथे अमुक तेजाहून अधिक काही नव्हते', एवढी नोंद त्यांतील पुष्कळ रात्रींनी ठेविलीच होती. २०२२ च्या ऑक्टोबरात तर चीनमधील एका उंच पठारावरील वेधशाळेने एकाच स्फोटातले असे साठ हजारांहून अधिक किरण नोंदविले, हेही आम्ही उत्साहाने जोडून दिले.

त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "सर, त्या पंधरा वर्षांत त्यांची शिष्यवृत्ती चालू होती ना?"

आम्ही आत चहा सांगितला.