'मन लागत नाही'

यवतमाळ जिल्ह्यात तरुण वयातला मानसिक त्रास सहसा आजाराच्या नावाने सांगितला जात नाही. 'मन लागत नाही', 'डोकं जड झालं', 'जीव घाबरते' अशा शब्दांत तो बाहेर पडतो. जगभरात निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या १८व्या वर्षापर्यंत होते. म्हणजे हे शब्द बहुधा शाळेच्या वयातच तोंडी येतात.

शाळेत त्यांचा अर्थ आळस असा लागतो. घरी नजर लागल्याचा संशय येतो. आई मीठ-मिरच्या ओवाळते, देवरशाकडून अंगारा आणते. तीही मायेने केलेली मदतच असते. पण झोप उडालेलीच राहते, अन्नावरची वासना परतत नाही आणि मोलाचे महिने निघून जातात. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलीला तर आतली घालमेल सांगण्यासाठी आधी शाळेच्या मराठीत शब्द शोधावे लागतात.

विशीत तर 'मन लागत नाही' हे वाक्यच गिळले जाते, कारण घरावर आधीच मोठ्या काळजीचे सावट असते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याच्या कुटुंबाचा आत्महत्येत अंत झाला. पुढे कापसाच्या या पट्ट्याची ओळखच शेतकरी आत्महत्यांशी जोडली गेली. कर्जाच्या काळजीने खचलेल्या बापासमोर आपल्या दुखण्याचा विषय कसा काढावा, या विचाराने मुले गप्प बसतात.

ऐकणारी माणसे मात्र आता गावाजवळ आली आहेत. राज्य सरकारने २०१५ साली १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, की डॉक्टरांना दाखवायला हवे. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी. सौम्य त्रासात अनेकदा समुपदेशन पुरते. औषध लागले, तर त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. नेमक्या याच काळात बसभाडे आणि बुडालेली मजुरी आड येते, 'फरक नाही' म्हणून गोळ्या सुटतात. म्हणून पहिल्या भेटीला धीर देणाऱ्या माणसाने दुसऱ्या भेटीलाही सोबत जावे.