माफीची घाई

शेजारच्या काकूंनी एकदा उकळता चहा आईच्या हातावर फेकला. आई आपल्याबद्दल कुजबुजते, असं त्यांना वाटायचं. तो आजार होता, हे पुढे कळलं. 'आता सोडून दे ना,' मी म्हणाले. आई म्हणाली, 'भाजलं मला आणि घाई तुला!'

मेरी बेथ कीन यांची 'आस्क अगेन, येस' (२०१९) ही कादंबरी वाचताना हेच वाक्य आठवत राहिलं. न्यूयॉर्कजवळच्या एका उपनगरात दोन पोलिसांची घरं शेजारी-शेजारी. मानसिक आजाराने ग्रासलेली अ‍ॅन शेजारच्या फ्रान्सिसवर गोळी झाडते. तो वाचतो, पण चेहरा कायमचा बिघडतो. पुढे अ‍ॅनचा पीटर आणि फ्रान्सिसची केट लग्न करतात.

कीन अ‍ॅनला राक्षसीण करत नाहीत, फ्रान्सिसला संतही करत नाहीत. आजार समजला म्हणून जखम भरत नाही. माफीला तिथे कितीतरी वर्षं लागतात.

परवा काकू आल्या. गोळ्या नियमित घेते, म्हणाल्या. आईने दार उघडलं, बसायला सांगितलं. चहा मात्र टाकला नाही.

या वेळी मी काहीच बोलले नाही.