दोष कुणाचा?

घरात काही अनपेक्षित घडले की आपण कारण शोधण्याआधी दोषी शोधतो. पीक गेले, मूल आजारी पडले, सून माहेरी निघून गेली, तर 'कुणामुळे?' हा प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो. ही खोड जुनीच आहे. जन्मांध मनुष्याला पाहून प्रभूच्या शिष्यांनीही पाप याचे की याच्या आईबापांचे, असेच विचारले होते. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले होते. शुभवर्तमानातील या प्रसंगावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. अलीकडे मात्र तोच प्रश्न आमच्या कानी वेगळ्या मुखातून येतो. ज्यांच्या मुलाला वा मुलीला समलिंगी व्यक्तीचे आकर्षण वाटते, ते आईबाप तो विचारीत असतात.

धर्मग्रामातील कुटुंबांनी वाचावयाच्या पानांत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आजही पुष्कळांची समजूत अशी आहे की ही शहरातली थेरे आहेत. आसनगावहून लोकलने मुंबईला जाणारी पोरे ती घेऊन येतात, किंवा जेथे आगगाडी पोहोचली नाही त्या मुरबाडच्या वाड्यांत मोबाइल घेऊन येतो. परंतु अशी मुले मोबाइलबरोबर आलेली नाहीत. ती पूर्वीही होती. त्यांच्यासाठी गावाकडे 'बायल्या' ही शिवी होती, आणि तीही पुष्कळदा चुकीच्या माणसाला चिकटत असे. कारण चालण्या-बोलण्यावरून कुणाचाही लैंगिक कल ओळखता येत नाही.

एक माता एकदा ख्रिस्तयागानंतर मागे थांबली. मुलाने तिला सारे सांगितले होते. नवऱ्याचे म्हणणे, तूच लाडावून ठेवलास. सासूचे म्हणणे, बाहेरची बाधा आहे, भगताकडे न्या. तिने आम्हाला एवढेच विचारले, "फादर, माझं काय चुकलं?" आम्ही म्हणालो, "ताई, तुमचे काही चुकलेले नाही." हे उत्तर केवळ सांत्वनापोटी दिलेले नव्हते.

शास्त्रज्ञ या प्रश्नाचा अनेक वर्षे शोध घेत आहेत. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी वर्तनामागे एखादेच जनुक असते, ही कल्पना त्याने मोडीत काढली. असंख्य जनुकांचा प्रत्येकी अगदी थोडा वाटा असतो, आणि ती सारी एकत्र धरली तरी माणसामाणसांतील फरकाचा ८ ते २५ टक्के एवढाच भाग त्यांनी उलगडतो. जुळ्या भावंडांचा अभ्यासही हेच सुचवितो. एकसारख्या जुळ्यांत दोघांचाही कल समलिंगी असण्याचे प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा अधिक आढळते. तथापि तसे नेहमीच असते असे नाही. म्हणजे वारसा आहे, पण केवळ वारसा नाही.

मग उरलेले कारण आईबापांच्या वळणात आहे काय? कॅनडातील संशोधक रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांना असे आढळले की, पुरुषाला जितके थोरले सख्खे भाऊ अधिक, तितकी समलिंगी कलाची शक्यता थोडी वाढते. शक्यता वाढूनही अशा पुरुषांची संख्या थोडीच राहते, हे खरे. आणि हा निष्कर्ष सर्व अभ्यासकांना मान्य आहे असेही नाही. परंतु बोगार्ट यांनी २००६ साली दाखविलेली एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. एकाच घरात वाढलेल्या सावत्र वा दत्तक थोरल्या भावांचा असा परिणाम दिसत नाही. एकाच मातेच्या उदरातून आलेल्या भावांचाच दिसतो, मग ते एकत्र वाढलेले असोत वा नसोत. याचा अर्थ निदान या बाबतीत तरी कारण संगोपनात नसून गर्भावस्थेत असावे. लाड, धाक, बापाची गैरहजेरी यांमुळे मुलाचा कल घडतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

आमच्याकडे म्हसाच्या यात्रेत जनावरे पारखून घेणारी मंडळी आहेत, घाट उतरून येणारे धनगर आहेत. त्यांना हे नवल वाटू नये की, अमेरिकेत झालेल्या अभ्यासात शंभरांतील सुमारे आठ मेंढे माद्या सोडून नरांकडेच वळताना आढळले. जनावरांवरून माणसाची नीती ठरत नाही, हे आम्ही जाणतो. पण मेंढ्याने काही सिनेमा पाहिलेला नसतो, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मराठी माणसाला ही चर्चा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. संततिनियमनाविषयीची त्यांची मते आम्हाला मान्य नाहीत. परंतु लोक ज्याविषयी विचारावयास लाजत, त्याला ते मासिकातून उत्तरे देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. त्यानंतर जगाचे मत हळूहळू पालटले. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्हा मानणे बंद केले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हा कल 'बदलून' देण्याचे उपचार हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरविले.

आणि ख्रिस्तसभा? विवाह स्त्री-पुरुषांचाच, आणि शरीरसंबंध विवाहातच, ही तिची शिकवण कायम आहे; आम्ही ती लपवीत नाही. परंतु तोच धर्मशिक्षण ग्रंथ या कलाचा उगम बव्हंशी उलगडलेला नाही असे मान्य करतो, आणि अशा व्यक्तींना आदराने व करुणेने स्वीकारावे, त्यांच्याशी अन्यायाने दुजाभाव करू नये, असेही बजावतो. पहिला भाग आमच्या लोकांना पाठ आहे. दुसरा क्वचितच ऐकू येतो. २०१३ साली मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी अशा व्यक्तींना गुन्हेगार ठरविण्यास जाहीर विरोध केला होता. २०२३ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनीही हा गुन्हा नव्हे असे स्पष्ट सांगितले.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते सांगतो. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा गावाकडचा सर्वांत प्रतिष्ठित उपाय आहे, आणि तोच सर्वांत क्रूर आहे. त्यात मुलाबरोबर एका परक्या मुलीचाही बळी जातो. वर्षभरात तिला वांझ म्हणतात, ती आपल्या रूपातच खोट शोधत राहते, आणि खरे काय ते तिला कुणीच सांगत नाही. विवाह हा वधूवरांच्या मुक्त संमतीने होतो. ती संमती त्यांच्या वतीने दुसरे कुणीही देऊ शकत नाही, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. संमती मिळविण्यासाठी अशी मूलभूत गोष्ट कपटाने लपविली, तर तो विवाह मुळातच अवैध ठरू शकतो. म्हणून आईबापांना आमची हात जोडून विनंती आहे की, असे लग्न ठरवून आमच्याकडे नोंदणीस येऊ नये.

त्याऐवजी इतके करावे. मुलाने सांगितले तर त्याला मारू नये, घराबाहेर काढू नये, चारचौघांत बोभाटा करू नये. त्याला भगताकडे नेऊ नये. ते जेवेनासे झाले, एकटे बसू लागले, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावे; परंतु ते दुःख हलके व्हावे म्हणून, कल पालटावा म्हणून नव्हे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीतही बोलता येते. आणि रविवारी त्याला नेहमीप्रमाणे आपल्या शेजारी, आपल्याच बाकावर बसवावे. शेजारच्यांनी मागे वळून पाहिले, तर पाहू द्यावे.