शून्य गुणांची नोंद

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाशीम हे गाव अपरिचित नसावे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत होतो. ते वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथील राजा सर्वसेन याने 'हरिविजय' रचले ते प्राकृतात. ज्या परंपरेच्या नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि राणी, दासी, विदूषक प्राकृत बोलतात, त्याच परंपरेतील एका राजाने हे करावे, याचे आम्हांस फार दिवस कौतुक वाटत आले आहे. मात्र आम्ही साहित्याचे विद्यार्थी नाही, मानसशास्त्राचे आहोत. भाषेची प्रतिष्ठा म्हणजे काय हे आम्हांस कळले ते एका बुद्धिमापन चाचणीच्या गुणपत्रकातून.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही आपलाच जिल्हा निवडला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत गेला. (मागास म्हणायचे नाही म्हणून काढलेला हा शब्द. शब्द बदलला तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटायचे ते उमटतेच.) मानोरा तालुक्यातील एका निवासी शाळेत परवानगी मिळाली. पोहरादेवी याच तालुक्यात आहे. बंजारा समाजाचे ते मोठे श्रद्धास्थान, त्यामुळे परिसरात तांडे पुष्कळ. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले तांड्यांवरची होती. काहींचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले की उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारे.

समोर बसलेला मुलगा दहा वर्षांचा असेल. शब्दार्थाच्या भागात त्याने पहिल्या दोन शब्दांना उत्तरे दिली आणि पुढे तो गप्प राहिला. चाचणीतील शब्द येथे देणे व्यवसायनीतीला धरून होणार नाही. पण ज्या शब्दापाशी तो अडला तो आमच्या आजीनेही आयुष्यात कधी उच्चारला नसेल, एवढे सांगण्यास हरकत नसावी. नियमानुसार ठरावीक वेळ थांबून आम्ही शून्य लिहिले, मग पुन्हा शून्य. मागे उभे असलेले शिक्षक आपुलकीनेच म्हणाले, "तांड्यावरचं लेकरू आहे सर, त्याच्याकडून जास्त धरू नका." त्यानंतर रंगीत ठोकळ्यांची आकृती जुळवण्याचा भाग आला. मुलाने ठोकळे ओढून घेतले, चित्राकडे एकदा पाहिले आणि दिलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी आकृती पूर्ण केली. पुढची त्याहून अवघड होती, तीही केली. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला: 'अनपेक्षित'.

तो शब्द आम्ही रात्री मुक्कामी कागद चाळताना पुन्हा वाचला. अनपेक्षित कोणाला? आम्ही त्या मुलाला त्या दिवशी सकाळीच प्रथम पाहिले होते. त्याच्याविषयी काही अपेक्षा बाळगण्याजोगे आमच्यापाशी काहीही नव्हते, त्याच्या आडनावाखेरीज. ज्या रकान्यात आम्ही मुलाचे निरीक्षण नोंदवले असे समजत होतो, त्यात आमचीच नोंद झाली होती.

याहून अवघड वाटावे असे दुसरेही काही होते. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात आम्ही म्हणालो, "मी ते पुस्तक वाचून राहिलो." कोणीतरी विचारले, "वाचून कुठे राहिलात?" वर्ग हसला. हसण्यात दुष्टावा नव्हता. पण त्यानंतर दोन महिने आम्ही चर्चेत तोंड उघडले नाही, आणि उघडले तेव्हा प्रत्येक क्रियापद आधी मनात धुऊन पुसून घेतले. त्या दोन महिन्यांत कोणी आमची शाब्दिक चाचणी घेतली असती तर तिथेही शून्येच आली असती. आणि तेच आम्ही, आता शुद्ध मराठी बोलणारे, मानोऱ्यात घड्याळ लावून बसलो होतो. घरी आईला 'याडी' आणि भाकरीला 'बाटी' म्हणणाऱ्या मुलाचे मौन मोजत होतो.

पाठ्यपुस्तकात याची स्पष्टीकरणे आहेत आणि ती आम्ही परीक्षेत लिहिलीही होती. हेन्री ताजफेलने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत विभागले. तेवढ्यावर मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. गोरमाटीत आपल्या माणसाला 'गोर' आणि परक्याला 'कोर' म्हणतात, म्हणजे ही विभागणी दोन्ही बाजूंना असते. फरक असा की कोराच्या हातात गुणपत्रक असते. आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील प्रयोग. सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उच्चारली नव्हती तोवर सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सर्वांसमक्ष नावाबरोबर जात पुकारली तेव्हा दलित मुलांची कामगिरी खालावली. बुद्धी तीच, कागदही तोच. आमच्या खोलीत कोणी जात पुकारली नव्हती. 'तांड्यावरचं लेकरू' एवढेच म्हटले होते.

तरीही हे प्रयोग आम्हांस पुरेसे वाटत नाहीत. ते दोनच पक्ष मांडतात. पुणेकर हसला, आम्ही दुखावलो, आणि मग आम्ही मानोऱ्याला जाऊन तेच केले, ही साखळी त्यांत बसत नाही. ती बसते डॉ. आंबेडकरांच्या श्रेणीबद्ध विषमतेच्या विवेचनात. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे प्रत्येकाला उतरंड थोडीशी सोयीची वाटते. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे विवेचन आम्हांस कोणी शिकवले नाही.

याविषयी बोलू लागलो की एक उत्तर हमखास मिळते: अहो, वसंतराव नाईक याच समाजाचे, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणखी काय हवे? शेजारच्या पुसद तालुक्यातले गहुली हे त्यांचे गाव, आणि आमच्या भागात त्यांच्याविषयी अभिमान आहेच. पण याच राज्यात बंजारा समाजाची नोंद 'विमुक्त जातीं'मध्ये होते. विमुक्त म्हणजे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. सुटकेचा शब्द मात्र मुलांच्या दाखल्यांवर अजून आहे, आणि सुटका कशातून हे तो दर वेळी आठवून देतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा सर्वसेनाच्या गावचे म्हणून आम्हांसही आनंद झाला. प्राकृताच्या पुण्याईवर मोठी झालेली भाषा तांड्यावरच्या बोलीकडे कसे पाहते, हा विचार त्या आनंदात मध्येच आला आणि गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा शाळेत गेलो. वरच्या वर्गातल्या एका मुलीला मदतीला घेतले आणि तेच शब्द, शक्य तेथे, तिच्याकडून गोरमाटीत विचारून घेतले. मुलगा बोलू लागला. एका शब्दाचा अर्थ सांगताना उठून उभा राहिला आणि हातवारे करू लागला. मुलगी हसत सुटली, तोही हसला. आम्हांस त्यातले निम्मेही कळले नाही. मध्येच त्याने मुलीला काही विचारले. ती म्हणाली, "सर, तो विचारतोय, तुम्हाला आमचं बोलणं येतं का."

मार्गदर्शकांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रमाणित पद्धतीबाहेर घेतलेली उत्तरे गुणांकनात धरता येत नाहीत, हे समजावले. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते. पॅरिसच्या शाळांतील कोणत्या मुलांना अधिक मदत हवी हे ओळखण्यासाठी १९०५ साली बिनेने अशी चाचणी प्रथम बांधली, हे वर्गात त्यांनीच शिकवले होते. तेही त्या वेळी आम्हांस सुचले नाही. पहिल्या दिवसाची शून्ये कायम ठेवली. 'अनपेक्षित' हा शब्द खोडून त्या जागी 'समाधानकारक' लिहिले. प्रात्यक्षिकात आम्हांस चांगले गुण मिळाले.