दोन काचांचा बेत तूर्त राहू दे

टिळकवाडी, बेळगाव
मार्गशीर्ष

प्रिय सुमे,

पत्र पोचलं. काकूंना यंदा थंडी सोसवेना, म्हणून शहापूरच्या घराला तुमच्या एडमंटनसारख्या दोन काचांच्या खिडक्या बसवायच्या. पैशांचं तू बघतेस, मी फक्त माणूस शोधायचा. माणूस शोधण्याआधी मी घरच बघून आले. बये, पुढच्या खोल्यांच्या खिडक्यांना काच आहेच कुठं? गज आणि इंचभर जाडीच्या सागवानी झडपा! माहेरच्या खिडक्या विसरलीस होय?

आणि त्या झडपांना नावं ठेवू नकोस. चौरस मीटरभर साध्या एकेरी काचेतून आतबाहेरच्या दर अंश फरकाला साधारण पावणेसहा वॅट ऊब निघून जाते. साधी दुहेरी काच बसवली तर तीनाच्या आत. आता इंचभर सागवानाचा हिशेब मांडला, तर तोही तीनाच्या आसपासच येतो. म्हणजे तू जे डॉलर मोजून आणणार, ते तुझ्या आजोबांनी सुताराकडून आधीच करून घेतलंय. अट एकच, झडप नीट मिटली पाहिजे. ती मिटत नाही, हेच खरं दुखणं.

दुसरं असं की, तुमची आणि आमची थंडी एका मापानं मोजू नये. तुझ्याकडे बाहेर उणे २०, आत २१. फरक ४१ अंशांचा. शहापुरात पहाटे बाहेर १३, माजघरात २१, फरक आठाचा. पण तुझ्याकडे घर तापवणारी भट्टी दिवसरात्र चालू असते. इथं भट्टी कसली? दिवसभर उन्हानं तापलेल्या भिंती, स्वयंपाकघर आणि घरातली माणसं, एवढंच भांडवल. झोपलेला माणूससुद्धा सत्तरेक वॅट ऊब देत असतो. तुम्ही सगळी भावंडं आणि मोठी माणसं मिळून आठ जणं त्या माजघरात वाकळ अंगावर ओढून झोपायचात, तेव्हा पाचशे वॅटचा हीटर फुकटात चालू होता. आता काकू एकट्याच निजतात, त्याही दुसऱ्या खोलीत. वयानं थंडी जास्त लागते हे खरंच. पण खोलीही पूर्वीपेक्षा गार पडते, हा काही त्यांचा भ्रम नव्हे.

तेव्हा आहे ती ऊब राखायची. संध्याकाळी पंखे बंद केले, दारं-खिडक्या लावल्या आणि उदबत्ती घेऊन कडेकडेनं फिरले. पुढच्या दाराशी, दोन फळ्या जिथं मिळतात तिथं धूर आडवा झाला. कडीच्या भोकापाशी सुतासारखा ओढला गेला. उंबरठ्याशी तर उदबत्तीचं टोकच लाल झालं. काकू कॉटवरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, वारं खालनंच यायलंय की. मी कवाधरनं सांगायले, कोण ऐकतंय?" बाहेर पूर्वेचा कोरडा वारा, आणि त्याला आत यायला हातभर लांब फट!

ही फट आली कुठून, तेही ऐक. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय पाऊस असतो, तुला ठाऊक आहे. लाकूड ओल पितं आणि फुगतं. तेही लांबीला नाही, रुंदीला. म्हणून दार वरखाली नाही, बाजूला अडकतं. मग जुलैत कुणीतरी सुताराला बोलावतं, तो अडणाऱ्या कडेवर रंधा मारून मोकळा होतो. डिसेंबरात लाकूड वाळून आकसलं, की रंध्यानं काढलेलं अधिक आकसलेलं, अशी दुप्पट फट पडते. काकूंच्या दारावर हा प्रयोग बहुतेक दर दोन-चार पावसाळ्यांनी झालाय; फळीची कड बघूनच कळतं. पुढच्या पावसाळ्यात दार अडलं तर फक्त घासलं जातं तेवढ्यावर मेण चोळायचं, बिजागरीचे स्क्रू आवळायचे आणि ऑक्टोबरपर्यंत दम धरायचा, असं त्यांना बजावून आलेय.

म्हणूनच फटीत पुट्टी किंवा सिमेंट भरायचं नाही. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगेल, आणि दार तरी अडकून बसेल नाहीतर चौकट तरी उकलेल. भरायचं ते दबणारं हवं. चौकटीच्या खाचेला रबराची चिकटपट्टी लावली. आधी जुना तेलरंग घासून, पुसून, कोरडा करून घ्यावा लागतो, नाहीतर पट्टी आठवड्यात लोंबते. पट्टी लावल्यावर कागदाचा कपटा फटीत धरून दार लावायचं. कपटा ओढताना अडला तर काम झालं, सुळकन निघाला तर पट्टी जाड हवी. दाराच्या तळाला ब्रशची पट्टी ठोकली. शिवाय काकूंच्या विटक्या शहापुरी लुगड्याची लांब नळी शिवून तिच्यात वाळू भरली. रात्री ती उंबरठ्याशी सरकवायची. भिंत आणि चौकट यांच्यामधली भेग मात्र हलत नाही, ती बुजवून घेतली.

मागच्या खोलीत तुझ्या भावानं बसवलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. तिच्यातली लवेची पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती, ती बदलली. खालच्या पन्हळीतली बारीक भोकं मात्र तशीच ठेवली. ती पाणी निघून जाण्यासाठी असतात. बुजवली तर आषाढात पाणी खोलीत येईल. त्या काचेवर जाड पडदा लावलाय, खाली टेकेल एवढा. अधांतरी पडद्यामागून गार हवा खाली घसरून पायाशीच येते.

एका गोष्टीवर मात्र मी काकूंशी भांडले. त्यांना शेगडीत कोळसे घालून खोली बंद करायची होती. मुळीच नाही! कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. न्हाणीत बंबाच्या जागी आता गॅसचा गीझर आहे, तिथंही तोच धोका. म्हणून न्हाणीचा झरोका कायम उघडा राहणार आणि शेगडी अंगणात. फटी बुजवायच्या म्हणजे घराचा श्वास कोंडायचा नाही. सकाळी ऊन आलं की पूर्वेच्या झडपा सताड उघडायच्या, दिवे लागायच्या आत मिटायच्या, एवढी शिस्त पुरे.

राहता राहिलं छप्पर. गंमत बघ, दोन काचांच्या खिडकीचं पहिलं पेटंट न्यूयॉर्कच्या स्टेट्सननं १८६५ साली घेतलं, आणि त्याच साली बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तुमच्याकडे त्या काचा पोचल्या, आमच्याकडे ती कौलं. ऊबदार हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. ती गेली की तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून गार हवा येणारच. माजघराला तक्तपोशी आहे, म्हणून तिथं निभतं. काकू आता निजतात त्या खोलीला ती नाही.

तेव्हा खिडक्यांसाठी ठेवलेले पैसे पाठवच, पण त्या खोलीच्या तक्तपोशीसाठी. मेमध्ये कौलं काढून घर शाकारायचंच आहे, त्याच वेळी फळ्या बसवून घेऊ. तोवर काकूंची कॉट माजघरात हलवायला त्या तयार नाहीत, कारण टीव्ही तिथं नाही. हे काम तुझं. रविवारी फोन करशील तेव्हा तूच समजाव, माझं त्या ऐकत नाहीत.

तुझी,
मालू