नखाच्या बुडाची कड



पर्युषण जवळ आलं की आपल्या सगळ्यांच्या घरी एकच गडबड असते. पूजेचे कपडे धुऊन वेगळे ठेवायचे, पिठं दळून चाळून ठेवायची, डबे पुसायचे. आणि हात नीट करायचे. नखं वाढलेली नकोत, नेलपॉलिश नको, कारण देवाला केशर लावताना नख लागता कामा नये. हे आपल्याला लहानपणापासून आई-आजीने सांगितलेलं असतं. पण हात "नीट" करण्याच्या नादात मी एका वर्षी काय करून बसले, ते आज सांगते. तुमच्यापैकी कुणी या आठवड्यात घरी मॅनिक्युअर करायला बसणार असेल, तर आधी हे वाचा.

आम्ही कळंबचे. घराला लागूनच किराणा दुकान. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जूनच्या मध्यात सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत हात कोरडे म्हणून राहत नाहीत. भांडी, कपडे, फरशी, पाणी गाळणं, पुन्हा भांडी. कपडे वाळत नाहीत म्हणून तेच दोनदा पिळायचे. त्या दिवसांत माझ्या नखांच्या बुडाची कातडी पांढरी, जाडसर, फाटकी दिसायची. हळद तिथे जाऊन बसायची, केशर बसायचं. साबणाने घासलं तरी पिवळी रेघ राहायची. मला ती कातडी म्हणजे मळच वाटायचा.

चार वर्षांपूर्वी श्रावणात मुलगी माहेरी आली. येताना एक छोटा मॅनिक्युअरचा डबा घेऊन आली. त्यात कानस होती, लाकडी काडी होती, एक बारीक चिमट्यासारखी कात्री होती. मुलगी दुपारी झोपली आणि मी मोबाईलवर बघत बघत दहाही बोटांची ती कड कापून काढली. खोटं कशाला सांगू, हात फार सुंदर दिसले. नखं लांबसडक वाटायला लागली. दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका आला, तो मी पुसून टाकला. संध्याकाळी चौविहाराच्या आधी थेपल्यांची कणीक मळली, दुसऱ्या दिवशी चादरी भिजवल्या.

तिसऱ्या रात्री उजव्या हाताचं मधलं बोट ठणकायला लागलं.

सकाळी नखाच्या कडेला लाल फुगा. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, "नखुरडं झालंय गं. लिंबाला भोक पाड आणि बोट घाल त्यात." आपल्याकडे हा उपाय घरोघरी आहे. मी घातलं. जखमेवर लिंबाचा रस म्हणजे काय होतं ते मी लिहीत बसत नाही. डोळ्यांतून पाणी आलं, बोट होतं तसंच राहिलं, उलट कातडी आणखी सोलवटली. आणखी एका दिवसाने आत पिवळा पू दिसायला लागला, तेव्हा कर्जतला डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी बोट बधिर करून पू काढला, पट्टी बांधली. मग विचारलं, "ही कड कुणी कापली?" मी म्हटलं, मीच. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुमच्याकडे भातखाचरं आहेत ना आजूबाजूला? बांध फोडला तर पाणी कुठे जाईल? ही कड म्हणजे नखाचा बांध आहे. तो तुम्ही दहा ठिकाणी फोडलात, आणि वर आठवडाभर हात पाण्यात ठेवलेत."

गोळ्या दिल्या, पाच दिवस, दोन वेळा, जेवणानंतर. म्हणजे पर्युषणात मी ठरवलेल्या एकासण्यांची बियासणी झाली. त्याचंही मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

माझ्या सासूबाईंचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. तरी देवाची नवांगी पूजा त्यांनी सोडली नव्हती. दर पर्युषणात मी त्यांच्याबरोबर गभाऱ्यात जायची, त्या केशरात अनामिका बुडवायच्या आणि मी त्यांचं मनगट खालून धरायची. अंगठ्यापासून नाभीपर्यंत, एकेक टिळा. त्यांचं नख लागू नये एवढंच माझं काम. त्या वर्षी माझ्या बोटातून पू येत होता. वाहती जखम असताना अंगपूजा करायची नाही, गभाऱ्यात जायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझी अनामिका धड होती, शेजारचं बोट पट्टीत होतं.

मी बाहेर बसून चैत्यवंदन केलं. सासूबाई आत एकट्या गेल्या. मुखकोश बांधलेला, पाठमोऱ्या. त्यांनी हात पुढे केला, तो थरथरला, त्यांनी मागे घेतला. पुन्हा पुढे केला. मग त्यांनी फक्त अंगठ्याला टिळा केला, हात जोडले आणि बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "झाली पूजा." बाकी काही नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षात त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे इतके गेले की देरासराच्या पायऱ्या चढणं बंदच झालं. म्हणजे ते आमचं शेवटचं पर्युषण होतं गभाऱ्यातलं, आणि ते मी एका चिमुकल्या कात्रीपायी घालवलं.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तो असा.

नखाच्या बुडाशी दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि आपण दोन्हींना क्युटिकल म्हणतो. एक असते कातडीची घडी. ती जिवंत असते, तिला रक्तपुरवठा असतो, कापली की दुखते आणि रक्त येतं. दुसरं असतं त्या घडीखालून निघून नखावर चिकटलेलं अगदी पातळ, रंग नसलेलं साल. ते मेलेलं असतं. खरं क्युटिकल हे. कातडी आणि नख यांच्यामधली फट या सालाने बंद झालेली असते. त्या फटीच्या आत, कातडीखाली, नख जिथे तयार होतं ती जागा आहे. फट उघडी पडली की पाणी, साबण, जंतू थेट आत.

जंतू शिरले की अचानक लाल होतं, सुजतं, पू होतो. माझं झालं तसं. दुसरा प्रकार हळू येतो. सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांना तो होतो, म्हणजे आपल्यालाच. नखाची कड आठवडेच्या आठवडे फुगलेली राहते, साल निघून जातं, फटीत ओल साठते आणि तिथे बुरशी वाढते. आमच्या दुकानात लावणीच्या दिवसांत येणाऱ्या बायकांच्या बोटांना मी हे पाहते. दिवसभर चिखलात हात, नखांच्या कडा सुजलेल्या. त्यांना कुणी कात्री लावायला सांगत नाही, पाणीच ते काम करतं. आपण मात्र घरात बसून हाताने करतो.

मग घरी मॅनिक्युअर करायचीच नाही का? करा की. मीही करते. फक्त अशी.

नखं आधी कापून आणि कानशीने एकाच दिशेने घासून घ्या. मग वाटीभर कोमट, गाळलेल्या पाण्यात बोटं पाच मिनिटं बुडवा. जास्त वेळ नको, नख पाणी पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. आंघोळीनंतर लगेच बसलात तर वाटीभर पाणीही लागत नाही. हात टिपा. प्रत्येक नखाच्या बुडाशी तेलाचा एक थेंब चोळा. खोबरेल, बदामाचं, तिळाचं, घरात असेल ते. मग लाकडी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून कड अलगद मागे सारा. जोर लावायचा नाही. सरकेल तेवढीच सरकवायची. नखावर राहिलेलं पातळ साल ओल्या मऊ फडक्याने गोल पुसलं की निघतं. मेलेलं आहे ते आपण होऊन येतं, येत नाही ते अजून जिवंत आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कात्री लावायची ती एकाच ठिकाणी. नखाच्या बाजूला कातडीचं सुटलेलं टोक उभं राहतं, पदराला अडकतं, ते मुळाशी न ओढता सुटलं आहे तेवढंच कापायचं. दाताने किंवा नखाने ओढलं की जिवंत कातडीची पट्टी निघते. कात्री आधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. घरात ज्याची त्याची वेगळी ठेवा. सासूबाईंना साखर आहे, त्यांची नखं मी नुसती तेल लावून कापते, कडेला हातसुद्धा लावत नाही. मधुमेह असलेल्यांना असली जखम लवकर भरत नाही.

बाजारात क्युटिकल रिमूव्हर मिळतो. त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असतो, म्हणजे तीव्र अल्कली. ती साल विरघळवते, पण मेलेलं-जिवंत ओळखत नाही. वापरलाच तर डब्यावर लिहिलं आहे त्याहून एक मिनिटही जास्त ठेवू नका आणि भरपूर धुवा. चिरलेल्या कातडीवर अजिबात नाही.

आणि हो, डब्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय आपल्याला खाण्याच्या वस्तूंबाबत आहे, इथेही ती लावा. क्युटिकल क्रीममध्ये मधमाशीचं मेण किंवा मध असू शकतं. लॅनोलिन असू शकतं, ते मेंढीच्या लोकरीवरचं तेल. नेलपॉलिशच्या लाल छटेत कार्माईन असू शकतं, सी. आय. ७५४७० असं लिहिलेलं. ते निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांना वाळवून काढतात. मोत्यासारखी चमक असेल तर सी. आय. ७५१७० बघा, ते ग्वानीन, बहुतेकदा माशांच्या खवल्यांतून येतं. हे वाचल्यापासून मी क्रीम आणणंच बंद केलं. खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली, रात्री झोपताना नखांच्या कडांना. एवढ्यानेच माझी ती पिवळी रेघ गेली. कातडी फाटकी नसली की हळद बसायला जागाच राहत नाही.

भांडी-कपड्यांना रबरी मोजे घाला, आत सुती मोजे. पहिल्या दिवशी हसू येतं, आठवड्याने सवय होते. मोजे काढल्यावर बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा टिपून कोरड्या करा. आणि एवढं करूनही नखुरडं झालंच, तर सुरुवातीलाच दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बोट बुडवून कोरडं करा. पू दिसला की घरी सुई लावू नका, डॉक्टरकडे जा. रक्त-पू लागलेला कापूस ओला तसाच कोपऱ्यात टाकून ठेवू नका. तो का ठेवायचा नाही ते आपल्याला माहीत आहे.

जयणा हा शब्द मी आयुष्यभर ऐकला. पाणी गाळताना, चूल पेटवताना, पाऊल टाकताना. मुंगी वाचवायला मी केरसुणी सुद्धा हलकी फिरवते. आणि स्वतःच्या हाताच्या जिवंत कातडीला मात्र मळ समजून कात्री लावली. त्या वर्षी संवत्सरीला क्षमापना करताना मी सासूबाईंच्या पाया पडले, मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. त्यांनी माझा पट्टीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात थरथरत होतेच. म्हणाल्या, "तुझा हात बरा होऊ दे आधी. माझा काय, घरात बसून पण जोडता येतो."

बोट बरं झालं, पण नखावर आडवी खाच आली. नख तयार होण्याची जागा सुजली की असं होतं. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. त्यामुळे भाद्रपदातली ती खाच रोज पोळ्या लाटताना माझ्या डोळ्यांसमोर असायची, दिवाळीत थोडी वर, संक्रांतीला आणखी वर. फाल्गुनात ती टोकाला आली आणि मी ती कापून टाकली.

आता सासूबाई घरीच फोटोसमोर बसतात. सकाळी मी सहाणेवर चंदन उगाळते, त्या अनामिका बुडवतात, आणि मी त्यांचं मनगट खालून धरते. त्याआधी रात्री दोघींच्या नखांना तेल लावलेलं असतं.