आय लव्ह यू!

शीर्षक बघून लगेच वाचायला घेतलंत ना? अगदी अश्शाच उत्सुकतेने ४ मे २००० रोजी लाखो लोकांनी याच विषयाचा ई-मेल उघडला. सोबतची फाईल साधं प्रेमपत्र वाटली, कारण तिच्या नावाची '.व्हीबीएस' ही शेपटी विंडोज दाखवतच नव्हतं. क्लिक करताच तिने फोटो पुसले आणि ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तेच पत्र धाडलं! कर्ता होता मनिलाचा एक कॉम्प्युटरचा विद्यार्थी. तिथे तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला.

मी कॉन्व्हेंटवाली, मराठी माझं कच्चं. पण हे पाहुणे मला मराठीतच नीट कळले. व्हायरस दुसऱ्या फाईलच्या खांद्यावर बसून येतो. वर्म स्वतःच्या पायांनी नेटवर्कभर हिंडतो. ट्रोजन साळसूद चेहऱ्याने दार वाजवतो. रॅन्समवेअर आपल्याच फाईलींना कुलूप लावून खंडणी मागतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने हेच केलं. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी तो टाकलाच नव्हता.

मागच्या सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या रूममेटच्या पेन ड्राईव्हमध्ये रिपोर्टऐवजी नुसते शॉर्टकट दिसले. ती रडायलाच लागली. नशीब, व्हायरसने फाईली फक्त लपवल्या होत्या. एका सिनियर ताईने पहाटेपर्यंत बसून शोधून दिल्या. आणि तो आला कुठून? तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीकडून, तिच्याही नकळत.

ते प्रेमपत्रही ओळखीच्याच माणसाकडून यायचं. म्हणून मैत्रिणीवर विश्वास ठेवा, तिच्या पेन ड्राईव्हवर नको. आधी स्कॅन करा. आणि हो, रिपोर्टची एक कॉपी दुसरीकडे ठेवाच!